नटावरची पिवळी रेघ

भुताखेतांच्या गोष्टी मी भरपूर वाचल्या आहेत, पण पुस्तक मिटलं की दिवा बंद करून शांत झोपणारा माणूस मी. आजही माझं मत फारसं बदललेलं नाही... फक्त घडलं ते सांगतो. त्यात भीती वाटण्यासारखं थोडं आहे, लाज वाटण्यासारखं जास्त.

मी थेरगावला राहतो. चाकणच्या एका कंपनीत, चेकलिस्टवर सगळ्यांच्या सह्या आहेत की नाहीत हे पाहणं माझं काम. धाकटा भाऊ नितीन निघोज्याजवळच्या कारखान्यात असेंब्लीला होता. तिथे नट आवळला की त्यावर पिवळ्या मार्करने रेघ ओढतात — अर्धी नटावर, अर्धी शेजारच्या पत्र्यावर. नट जरा फिरला तरी रेघ तुटलेली दिसते. नितीनने ही सवय घरी आणली. दर रविवारी सकाळी पार्किंगमध्ये उकिडवा बसून तो आमच्या दोघांच्या गाड्या तपासायचा. टायर, ब्रेक, चेन आणि शेवटी रेघा. मी वर गॅलरीत पुस्तक घेऊन. "दादा, एवढं वाचतोस, कधीतरी टायर पण वाच," असं खालून म्हणायचा.

त्या शनिवारी त्याने कंपनीजवळच्या गॅरेजमध्ये चेन आवळून घेतली, मागच्या चाकाच्या नटावर — तो ढिला पडला की चेनही ढिली पडते — रेघ मारली आणि घरी आला. रविवारी ओव्हरटाइम लागला म्हणून कंपनीच्या बसने गेला. अकराच्या सुमारास त्याचा फोन आला.

"दादा, खाली जाऊन माझ्या गाडीचा मागचा नट बघ ना. रेघ जुळतीय का, तेवढं सांग."

माझी वीसेक पानं राहिली होती. पाच मिनिटांनी मीच फोन केला.

"बघितली. जुळतेय."

मी खुर्चीतून उठलोही नव्हतो.

सोमवारी पहिल्या शिफ्टला जाताना, निघोज्याच्या वळणावर चेन निसटली आणि मागचं चाक जाम झालं. नितीन जागीच गेला. लोक म्हणाले, रस्त्यावर खडी होती. मीही तेच म्हणत राहिलो. चौकीच्या आवारात त्याची गाडी पाहिली, तेव्हा रेघेचे दोन तुकडे दोन दिशांना होते. पडताना नट फिरला असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. आईला काहीच सांगितलं नाही.

तीन महिन्यांनी, एका रविवारी सकाळी, मी सांगवीला मावशीकडे निघालो होतो. लख्ख ऊन होतं. माझी गाडी आदल्या दिवसापासून जागेवरच उभी होती. मागच्या चाकावर नितीनची जुनी रेघ धुळीने काळी पडली होती, आणि तिच्या शेजारी दुसरी — चकचकीत पिवळी. बोट लावलं तर रंग बोटाला आला. ती रेघ तुटलेली होती. नट नुसत्या हाताने फिरला.

मी तिथेच उकिडवा बसलो. कोणी काही विचारलं नव्हतं, तरी मोठ्याने म्हणालो, "नाही रे. जुळत नाहीये."

गाडी ढकलत डांगे चौकाजवळ रफिकभाईंच्या गॅरेजला नेली. त्यांनी वाकून बराच वेळ पाहिलं. "रेघ मारताना सरळच मारतात ना, दादा? नट फिरला की मग तुटते. ही तर अजून ओली आहे... मधे नट फिरवला कुणी?"

वॉचमनने कोणालाच पाहिलं नव्हतं. नितीनचा मार्कर आईच्या कपाटात होता, टोक वाळून दगड झालेलं. रंग ओला कसा होता, ते मला आजही सांगता येत नाही.

हे लिहायला बसण्याआधी आईला सगळं सांगितलं — फोनचंही. ती माझ्याकडे न बघताच म्हणाली, "आज रविवार हाय ना. जा, आधी गाडी बघून ये."

गेलो. रेघ मीच मारलेली होती, जुळत होती. तरी दोनदा पाहिली.