सुगीच्या लिलावातल्या तबकड्या

दुष्काळाच्या त्या वर्षांत नगरमध्ये नळावर बायका एकमेकींच्या झिंज्या उपटत होत्या, आणि आम्ही तिघं दर रविवारी दुपारी दार लावून, अमेरिकेतल्या तीन पोरींपैकी नेमकी कोणती बेसूर गाते यावर भांडत होतो. लोक आम्हाला वेडे म्हणत. त्यांचं काही चुकत नव्हतं.

तिघं म्हणजे कॉलेजात इंग्रजी शिकवणारे सर, भिंगारच्या कॅम्पातला एक कारकून आणि मी. मी मिशनच्या शाळेत मुलींना शिवण शिकवायचे. सरांकडे रेकॉर्ड प्लेअर होता. कारकुनाकडे लष्करी साहेब लोक बदलीच्या वेळी टाकून गेलेल्या रेकॉर्डी यायच्या. माझ्याकडे होता एक पुठ्ठ्याचा खोका. आमच्या शाळेतली अमेरिकन मडम कायमची मायदेशी निघाली, तेव्हा तिने पडद्यांपासून कढयांपर्यंत सगळं विकलं आणि खोका मात्र मला दिला. तिला मराठी शिकवताना मी कधी हसले नाही, म्हणून म्हणे. मी घरी येऊन हसायचे, ते तिला कुठं माहीत?

खोक्यात बशीएवढ्या डझनभर तबकड्या होत्या. आठ-दहा वर्षांपूर्वीची गाणी, बहुतेक मुलींच्याच गटांची. त्यातली लाल लेबलाची एक सरांना कुठल्याच कॅटलॉगात सापडेना. विलायतेत त्यांचा एक पत्रमित्र होता, त्यालाही ती ठाऊक नव्हती. तीन मुली, नावं कुणाची नाहीत, फोटो नाही. दोघी पुढं गायच्या आणि तिसरी मागून किंचित उशिरा यायची, घाईघाईने चपला घालून निघाल्यासारखी. शेवटच्या ओळीआधी तिने घेतलेला श्वाससुद्धा ऐकू यायचा. त्या तिसरीसाठी मी आठवडाभर शाळेतली काजं आणि तुरपाया सहन करायचे. माझ्या मालकीचं म्हणावं असं जगात तेवढंच होतं. बाकी सगळं पप्पांचं, चर्चच्या मंडळीचं, नाहीतर देवाचं.

अमेरिकन तबकडीचं मधलं भोक भलतंच मोठं. सरांच्या प्लेअरच्या खुंटीवर ती दारुड्यासारखी झुलायची. मी दोऱ्याचं लाकडी रीळ कापलं, त्याला चिंधी गुंडाळली आणि भोकात बरोबर बसेल असा गट्टू केला. तो गट्टू मी दर रविवारी आठवणीने पर्समध्ये टाकून घरी न्यायचे. सरांना याचा राग यायचा आणि मला त्या रागाचं सुख व्हायचं.

कारण सर माणूस म्हणून तिखट. "ती तिसरी नुसत्या पाट्या टाकतेय. तिला काढलं असतं तर गाणं चाललं असतं," असं ते दर वेळी म्हणत.

मी म्हणाले, "तिला काढलं तर राहतं काय त्यात? ताल धरलेल्या दोन पोपटिणी."

"बाई, तुम्ही शिवण शिकवता ना? मग टाके मोजा. सुरात नाक खुपसू नका."

कारकून पारनेरकडचा. तो दोघांच्याही बाजूने मान हलवायचा. "तशी लई भारी हाय, सर. पन जरा बेसूर बी हाय." त्याला कुणाचंच मन मोडायचं नसायचं, त्यामुळे त्याच्या मताला कुणी विचारत नसे.

मध्येच सरांची आई चहा आणायची. त्या दोघांचे कप ट्रेमधून यायचे. माझा कप खिडकीच्या कट्ट्यावर वेगळा असायचा, कान तुटलेला. मी तो स्वतः घ्यायचा, स्वतः विसळायचा आणि पुन्हा तिथंच पालथा घालायचा. सर तेवढ्या वेळात लेबलावरची बारीक अक्षरं वाचत बसायचे. तिसरीचा एक कणभर उशीर ज्याला ऐकू यायचा, त्या माणसाला कप विसळल्याचा आवाज कधी ऐकू आला नाही.

सरांनी आम्हाला एक नियम शिकवला होता. जुन्या बाजारात गेलं की हवी ती वस्तू बघायचीही नाही. आधी फुटका कंदील विचारायचा, मग गंजकी कात्री, आणि शेवटी नाक मुरडून म्हणायचं, ही तबकडीही टाका त्यात. चेहरा असा ठेवायचा की आपल्याला जगात काहीच नको आहे. त्यात मी इतकी तयार झाले होते की सरसुद्धा म्हणायचे, बाईंचा चेहरा म्हणजे बंद दुकान.

आमच्या मंडळीत सुगीचा सण असतो. प्रत्येक घराने पिकातलं पहिलं देवाला आणायचं, धान्य, भोपळे, कोंबड्या, अंडी, आणि उपासना झाली की चर्चच्या आवारात त्याचा लिलाव करायचा. लिलाव पप्पा पुकारायचे. ते मंडळीचे पंच, शाळेतून निवृत्त झालेले, आवाज खणखणीत. स्वस्तात कुणी काही नेलं तर लोक नावं ठेवायचे. देवाची वस्तू आहे, चढवून घ्यायची, अशी रीत होती. त्या वर्षी सुगीच नव्हती. आणायचं काय? पाळकसाहेबांनी सांगितलं, घरातलं काहीही आणा. ज्याच्याकडे पैसे नसतील त्याने पैशांऐवजी वस्तूची बोली करावी.

मी पंगतीच्या कामात होते. मांडवात आले तर टेबलावर, एका सुकलेल्या भोपळ्याच्या शेजारी, माझा खोका.

"पप्पा, हा माझा आहे."

"माहीत आहे," पप्पा शांतपणे म्हणाले. "आवडतं तेच द्यायचं असतं. नको असलेलं देणं म्हणजे उकिरड्यावर टाकणं. आणि देवाला दिलेलं परत मागायचं नसतं. तुला हवा असेल तर चारचौघांत बोली कर. तेवढी हिंमत असेल तर घेऊन जा."

सर आणि कारकून सणाला पाहुणे म्हणून आलेच होते. मी सरांना गाठलं. ते म्हणाले, "अजिबात तोंड उघडू नका. आपल्याला हवंय हे तुमच्या लोकांना कळलं की खेळ संपला. मी घेतो. तुम्ही फक्त चेहरा सांभाळा."

मी चेहरा सांभाळला.

पप्पांनी खोका उचलला. "बोला. कोण घेतंय?" सर आभाळाकडे बघत होते. कारकून सरांकडे बघत होता. पप्पा माझ्याकडे बघत होते. मी भोपळ्याकडे बघत होते.

तेवढ्यात मागून आवाज आला, "एक कोंबडी!"

ती माझी आत्या. पप्पांची थोरली बहीण, पुणतांब्याला रेल्वेच्या क्वार्टरात राहायची. तिचा नवरा गँगमन होता. तिच्याकडे प्लेअर तर सोडाच, रेडिओही नव्हता.

"एक कोंबडी, एक वार," पप्पा म्हणाले. मी सरांकडे पाहिलं. त्यांनी भुवई जराशी उचलली, म्हणजे जाऊ द्या. "एक कोंबडी, दोन वार." इथं पप्पा थांबले. भोपळ्याला, अंड्यांना, कुणाच्या कोंबड्याला ते इतके थांबले नव्हते. अख्खी मंडळी चुळबुळ करायला लागली तरी ते माझ्याकडे बघत उभेच. माझं दुकान बंद. "तीन वार."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी पप्पांच्या जवळून गेले तेव्हा ते हळूच म्हणाले, "तुला नकोच होता की." त्यांच्या तोंडावर आनंद नव्हता. मला तेव्हा तो दिसायला हवा होता, म्हणजे त्यांचा द्वेष करणं सोपं गेलं असतं.

सर मात्र खुशीत होते. "उत्तम झालं. आत्यांकडून दोन-चार रुपयांत उचलू. त्यांना काय कळतंय त्यातलं?"

आत्या दुपारच्या पॅसेंजरने गेली. पुढच्या रविवारी आम्ही तिघं पुणतांब्याला निघालो. गाडीत सरांनी सगळं ठरवलं. आधी त्यांनी जुन्या समईची चौकशी करायची, मग कारकुनाने तांब्याची, आणि निघताना मी म्हणायचं, तो खोका पडलाय का गं अजून?

आत्या आम्हाला बघून हरखली. कॉलेजचे सर तिच्या क्वार्टरात! तिने बाजेवर नवी चादर घातली. सरांनी समईचा विषय काढला. आत्या म्हणाली, "समई कुठली आमच्यात, सायेब? बसा, आदी खा कायतरी." आणि आत जाऊन तिने शेव आणली, तीन काळ्या वाट्यांमध्ये.

वाट्यांना कडेला चुण्या होत्या, झालरीसारख्या. सरांनी वाटी हातात घेतली आणि त्यांचा हात तिथंच राहिला. चुण्यांवरून बारीक बारीक रेघा गोल फिरत वर गेल्या होत्या.

आत्या कौतुकाने सांगू लागली. "गार्डाच्या बायकूनं शिकविलं. कडकडीत पान्यात टाकायचं, मऊ पडलं की तांब्यावर पालथं घालायचं. खालचं भोक मेनबत्तीनं बुजवायचं. लई टिकतंय. पडलं तरी फुटत न्हाई. समद्या केल्या मी. नाताळात फराळ वाटाया हुतील."

"समद्या?" कारकुनाने विचारलं.

"व्हय, एक बी वाया घालवली न्हाई."

सर म्हणाले, "मला आज उपवास आहे." मग त्यांनी आपली शेव सावकाश कारकुनाच्या वाटीत ओतली आणि रिकाम्या वाटीचा तळ उजेडाकडे धरला. लाल लेबल होतं. पाण्याने फुगलेलं, पण अक्षरं सगळी शाबूत. आणि त्या माणसाचा चेहरा तेव्हाही बंदच होता. "छान आहे," म्हणून त्यांनी वाटी खाली ठेवली. अशी शिस्त मी पुन्हा कुणात पाहिली नाही.

मी रडायला लागले. आत्या घाबरली. "अगं, काय झालं? त्ये वाजवून कुनाचं प्वाट भरत हुतं का, पोरी? आता शेव तरी मावतीय. घिऊन जा की तुला एक." मी लाल लेबलाची घेतली.

परतीच्या गाडीत राहुरी गेल्यावर सर म्हणाले, "बाई, ते गाणं तुम्हाला पाठ असेल ना? शब्द, चाल, तिसरीच्या जागा? मी लिहून घेतो. विलायतेत कळवलं पाहिजे. असं गाणं होतं, हे आता फक्त आपल्यालाच माहीत आहे."

"आपल्याला नाही, मला," मी म्हणाले. गट्टू पर्समध्येच होता. मी तो खिडकीतून बाहेर टाकला. कारकुनाने "अवो बाई" एवढंच म्हटलं.

त्यानंतर मी सरांकडे गेले नाही. नाताळ झाला, उन्हाळा तापला, आणि एका संध्याकाळी सर आमच्या दारात हजर. पत्रमित्राचं उत्तर आलं होतं. त्याला लाल लेबलाच्या गाण्याबद्दल सगळं हवं होतं, आणि तो ते सरांचं नाव घालून तिकडच्या एका मासिकात छापणार होता. सरांनी वही उघडून गुडघ्यावर ठेवली होती.

मी आत गेले आणि त्याच वाटीत शेव घालून आणली. "घ्या, सर. आज उपवास नाही ना?"

त्यांनी वाटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि खायला लागले. आमच्या घरातलं ते पहिल्यांदाच काही खात होते. एकेक शेव नाही, मूठ मूठ. लेबल दिसेपर्यंत त्यांनी वाटी रिकामी केली, बोटं रुमालाला पुसली आणि पेन उघडलं. "हं. सांगा."

"मला नाही आठवत," मी म्हणाले.

सरांचं बंद दुकान एकदाचं उघडलं. तोंडातला घास गिळवेना असा त्यांचा चेहरा झाला. ते वही मिटून उठले आणि निघून गेले. मला फार बरं वाटलं, अजूनही वाटतं.

पप्पा आतल्या खोलीतून सगळं ऐकत होते. ते बाहेर आले, सरांच्या खुर्चीत बसले आणि रिकाम्या वाटीचा तळ बघत म्हणाले, "परवा भांडी घासताना तर अख्खं म्हणत होतीस. मी मुद्दाम पलीकडं बसून ऐकलं. ती मागून येणारी फार छान आहे गं. पुन्हा म्हण ना एकदा."

"देवाला दिलेलं परत मागायचं नसतं, पप्पा," मी म्हणाले आणि वाटी धुवायला घेतली.