मागून आणलेल्या कापडाची सीट

सायकलच्या दांडीवर बसवायची लहान मुलांची सीट तेव्हा वर्ध्याच्या बाजारात नुकती दिसायला लागली होती. लोखंडी सळ्यांचा सांगाडा, पाय सोडायला दोन भोकं, धरायला पुढे वाकवलेली एक सळी आणि बसायला बोटभर जाडीची गादी. गादीवर रेक्झिनचं कव्हर. दुकानदाराने माझ्यापुढे लाल, निळं आणि एक वाघाच्या पट्ट्यांचं, अशी कव्हरं एकावर एक टाकली आणि म्हणाला, "बोला साहेब, कोन्तं लावू? बच्चा राजावानी बसंल." बच्चा नाही, बच्ची आहे, असं मी सांगितल्यावर त्याने क्षणभर विचार केला. "मंग लाल घ्या," तो म्हणाला.

मला वाघाचं आवडलं होतं. पण काहीच न घेता मी तसाच पिपरीला घरी परतलो, कारण मुलीच्या अंगाला लागणारी कुठलीही वस्तू माझ्या आईला विचारल्याशिवाय आणायची नाही, असा आमच्या घरात दंडक होता.

दंडकाला कारण होतं. आमची दोन मुलं आधी गेली होती. पहिलं जन्मलं त्याच दिवशी गेलं. दुसरा मुलगा चांगला रांगायला लागला होता, मला बघून टाळ्या वाजवायचा. एका सकाळी त्याला ताप चढला आणि दिवस मावळायच्या आत तो गेला. ही तिसरी. हिच्या वेळी आईने माझ्या बायकोला जवळ बसवून सांगितलं, "आता नवं काई तिच्या अंगाले लागू द्याचं नाई. जगत्या लेकराइचं जुनं मागून आनाचं." आमच्याकडची ही जुनी चाल. ज्या बाईची मुलं जगत नाहीत तिने भरल्या घरी जाऊन पदर पसरायचा, त्या घरच्या मुलांचं जुनं कापड मागायचं आणि आपल्या मुलाला त्याचंच झबलं शिवायचं. नेणाऱ्याला वाटावं की हे या घरचं नाहीच, कुठून तरी मागून आणलेलं आहे, आणि त्याने पुढच्या दाराला जावं.

मी या सगळ्याची थट्टा करायचो. मॅट्रिक झालेला माणूस, जिनिंगमध्ये कापसाची प्रत ठरवणारा. थट्टा करणं मला भागच होतं. पण नवं झबलं मी एकदाही आणलं नाही. मुलगी भर दुपारी गाढ झोपलेली असली तरी मी तिच्या नाकाखाली बोट धरून श्वास लागतो का बघायचो. बायको म्हणायची, "झोपू द्या ना तिले, काऊन जागी करून राह्यले?" मी म्हणायचो, माशी होती. खरं म्हणजे मी घरातला सगळ्यात भित्रा माणूस होतो.

सीटही त्या भीतीपोटीच हवी होती. वजनाला आणि सुईला मुलीला सेवाग्रामच्या दवाखान्यात न्यावं लागायचं. बायको मागे कॅरिअरवर मुलीला मांडीवर घेऊन बसायची, आणि प्रत्येक खड्ड्याला मला वाटायचं, पडली. मागे वळून बघता यायचं नाही. पुढे सीटवर असली की डोळ्यांसमोर राहील, एवढंच माझं म्हणणं होतं.

आईने सगळं ऐकून घेतलं आणि निवाडा दिला. "लोखंड चालते. लोखंडाले कोनी हात लावत नाई. पन ते वरचं चकचकीत नवं नाई पाह्यजे."

"माय, लेकरू काय सीट घालते का अंगात? बसते ना तिच्यावर."

"बसते तं अंगाले लागते ना! तुले एवढंबी समजत नाई?"

मी दुसऱ्या दिवशी जाऊन बिनकव्हराची सीट आणली. दुकानदार बघतच राहिला. त्याच्या मते उघडी सीट नेणारा मी पहिलाच.

मग बायको कापड मागायला निघाली. चालीप्रमाणे पाच घरं. रस्त्यापलीकडच्या मोठ्या कास्तकारांचं घर, किराणा दुकानवाल्यांचं, असं करत करत शेवटी आमच्या भिंतीला भिंत लागून राहणारी शेजारीण. तिचा नवरा एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये होता. काही वर्षांपूर्वी ते पुलगावकडच्या खेड्यातून आले होते. दोन मुलगे, एक मुलगी, तिन्ही दणदणीत. दिवसभर आमच्या अंगणातून धावत असायची. आईच्या लेखी भरलं घर म्हणजे असं.

संध्याकाळी सगळे तुकडे जमिनीवर मांडले आणि आम्ही कव्हर निवडायला बसलो. निळ्या चौकटीच्या शर्टाची पाठ, एक जाडाभरडा पट्टा, विटका हिरवा परकर, एका जुन्या चादरीचा कोपरा आणि शेजारणीने दिलेलं पिवळ्या फुलांचं झबलं. कापडात मला कुणी अक्कल शिकवायची नाही, असा माझा तोरा. प्रत्येक तुकडा चिमटीत धरून पाहिला. पिवळं सगळ्यात मऊ होतं. मधोमध, जिथे ती प्रत्यक्ष बसणार, तिथे पिवळंच लावायचं असं मीच ठरवलं. बोटांना ते थोडं नवखं लागलं हेही खरं. घालून, धुऊन, दगडावर आपटून कापड जसं मरतं तसं ते मेलं नव्हतं. मी म्हटलं, शेजारीण मनाने मोठी आहे, चांगलं दिलं.

बायकोने गोधडीसारखं कव्हर शिवलं, मागे नाड्या लावल्या. वाघापेक्षा हे कव्हर दिसायला शंभरपट वाईट होतं, आणि मुलीला ते फार आवडलं. बसवली की दोन्ही पाय हलवायची, घंटीकडे झेप घ्यायची. रस्त्याने ओळखीचे लोक विचारायचे, "काय हो, सीटीले ठिगळं काऊन लावले?" मी म्हणायचो, रेक्झिन तापतं. आमच्याकडच्या उन्हात ते कुणालाही पटायचं.

वैशाखातली दुपार होती. सकाळपासून मुलगी किरकिर करत होती. मी जेवायला घरी आलो तेव्हा तिचं अंग तव्यासारखं भाजत होतं. आई कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवत होती आणि तोंडाने काहीतरी पुटपुटत होती. मी मुलीला हाक मारली. तिने माझ्याकडे पाहिलं, आणि पाहता पाहता तिचे डोळे वर फिरले. हातपाय ताठ झाले, जबडा आवळला आणि सगळं अंग झटके द्यायला लागलं. बायकोने किंकाळी फोडली. मी काहीच केलं नाही. मला फक्त मागचा मुलगा दिसत होता, हाच महिना, हीच खोली. गेली, असं मी मनात म्हणूनही टाकलं.

किंकाळी ऐकून शेजारीण धावत आली. दारात थबकली, मुलीला पाहिलं आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. मुलीकडे यायचं सोडून तिने माझा हात धरला.

"भाऊजी, ते पिवळं काढून टाका. आदी ते काढा!"

"कोन्तं पिवळं?"

"सीटीवरचं. ते जगत्या लेकराचं नाई."

मग ती एका दमात बोलली. या तिघांच्या आधी तिला एक मुलगी झाली होती, गावाकडे. ते झबलं त्या मुलीच्या बारशाचं. एकदाच घातलं होतं. "माह्या पोट्ट्याइचे कपडे एकाचे दुसऱ्याले घालू घालू चिंध्या झाले. बाई दारात पदर पसरून आली, तिले चिंधी कशी देऊ? पेटीत तेच एक धड होतं. मले वाटलं, कोनाच्या तरी लेकराच्या अंगाले लागन. मीच घात केला, बाई." आणि तिने स्वतःच्या तोंडात मारून घेतली.

आईने कपाळावर हात मारला. बायकोने शेजारणीकडे पाहिलंही नाही. तिने मुलीला ओल्या लुगड्यात गुंडाळलं आणि म्हणाली, "सायकल काढा."

त्या वेळी आमच्या गल्लीत ऑटो कुठला मिळायला! बायको मागे कॅरिअरवर बसली, मुलगी तिच्या छातीशी. झटके थांबले होते, पण मुलगी लोळागोळा पडली होती, आणि मला तेच जास्त भयंकर वाटत होतं. माझ्यापुढे दांडीवर रिकामी सीट, आणि सीटच्या मधोमध ती पिवळी फुलं. मी पायडल मारत होतो आणि माझी नजर रस्त्यावरून पुन्हा पुन्हा तिथे जात होती. एक मेलेलं मूल माझ्यासमोर बसलं आहे आणि मी त्याला घेऊन चाललो आहे, असं मला वाटत होतं. एवढा मी कधीच घाबरलो नव्हतो, दुसरा मुलगा गेला तेव्हाही नाही, कारण तेव्हा मला माहीत नव्हतं की मुलं अशीही जातात.

सेवाग्रामच्या रस्त्याला लागल्यावर मला राहवेना. मी पाय टेकले आणि दोन्ही हातांनी ते पिवळं कापड ओढायला लागलो. बायकोची टीप घट्ट. एक बाजू टर्रकन उसवली, दुसरी निघेना.

"काय करून राह्यले?"

"काढतो. काढलंच पाह्यजे."

तिने मागून माझ्या पाठीत बुक्की मारली. लग्नानंतरची पहिली आणि शेवटचीच. "इथं लेकरू चाललं माह्यं अन् तुम्ही चिंध्या काहाडता! चाला!"

मी निघालो. उसवलेलं टोक वाऱ्याने फडफडत माझ्या गुडघ्याला लागत होतं. मागून बायको सारखी मुलीशी बोलत होती, आणि मुलीचा आवाज येत नव्हता.

दवाखान्यात त्यांनी मुलगी आमच्या हातातून घेतली आणि आम्हाला बाहेर उभं केलं. किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. मग आतून रडण्याचा आवाज आला. चिडलेलं, भुकेलं, घसा ताणून रडणं. बायको भिंतीला टेकून खाली बसली. डॉक्टरीणबाई बाहेर येऊन म्हणाल्या, तापाचा झटका होता, लहान मुलांना येतो, ताप उतरवला की झालं, पण थोडे दिवस इथे ठेवू. मी मान डोलावत राहिलो. त्यांनी सांगितलेलं सगळं मला कळत होतं आणि त्यातलं काहीच माझ्या पोटापर्यंत पोचत नव्हतं.

मुलगी हसतखेळत घरी आली. आईने जाहीर केलं की कव्हर जाळायचं आणि सीट विहिरीत टाकायची. मी आईच्या बाजूने होतो, फक्त सीट विहिरीत टाकण्यापेक्षा विकावी असं माझं मत होतं. शेजारणीचं दार बंदच असायचं. नळावर बायको दिसली की ती भांडं तसंच घेऊन मागे फिरायची. तिची मुलं आमच्या अंगणात यायची बंद झाली. मला ते बरं वाटत होतं, हेही सांगून टाकतो.

एका सकाळी मी कामावर जायला निघालो तर बायको ओसरीत सायकलीजवळ बसून ते उसवलेलं पिवळं कापड पुन्हा सीटवर शिवत होती.

"तुले याड लागलं का?" मी ओरडलो.

"कापडानं मारली असती तं वाचली कशी?" तिने मान वर केली नाही. "तिनं आपलं गेलेलं लेकरू इथं कोनाले सांगतलं नाई. माह्या पदरात टाकलं. जाळू मी ते?"

हे मला पटलं. पण माझी भीती काही पटण्याची वाट बघत थांबलेली नव्हती. बायकोने दोरा तोडला, मुलीला कडेवर घेतलं आणि मला सायकल घेऊन मागे यायला लावून सरळ शेजारणीच्या दारात जाऊन उभी राहिली. "बाहेर या. तुमचे भाऊजी सायकल धरून उभे हायत. पोरीले सीटीवर बसवा."

शेजारीण उंबऱ्यात आली. हात पदरात गुंडाळलेले. "मी नाई लावत हात."

बायकोने तिचं काहीएक न ऐकता मुलगी तिच्या अंगावर दिली. घेण्यावाचून तिला गत्यंतर नव्हतं. तिने पदर सोडला आणि मुलीला घट्ट धरलं. मग तिने बायकोकडे नाही, माझ्याकडे पाहिलं.

"भाऊजी, बसवू?"

नाही, असं माझ्या ओठांवर आलं होतं. मला ती मुलगी तिच्या हातातून ओढून घेऊन दार लावून घ्यावंसं वाटत होतं. सायकलचं हँडल घामाने हातातून निसटत होतं. मी मान हलवली. बसवा.

तिने एक पाय भोकात घातला, मग दुसरा. पिवळ्या कापडाची घडी मुलीच्या मांडीखालून सरळ केली. खाली वाकली, आणि आमच्या कुणालाच माहीत नसलेल्या एका नावाने तिने माझ्या मुलीला हळूच हाक मारली.

माझ्या मुलीने मान वळवून तिच्याकडे पाहिलं आणि ती हसली.

बायकोचे डोळे भरून आले होते. "पुन्हा मारा हाक," ती शेजारणीला म्हणाली.