चांगुणाबाईंची वर्दी

पारनेरकडच्या चांगुणाबाई विहिरीत सूर मारायला निघाल्या, की काठावरची माणसं आधी बाजूला सरायची. साठीला टेकल्या तरी बाईंचा सूर सुटला नव्हता, आणि सुरासोबतची रीतही. उडीआधी पाण्यात खडा टाकायचा. कपारीत दिवड असते. पाण्यातला साप बिनविषारी असला तरी घर त्याचं. वर्दी दिल्याशिवाय आत शिरू नये.

मुलगा योगेश अंदमानात पर्यटकांना समुद्राच्या तळाशी फिरवून आणतो. प्रवाळाच्या कपारीत राहणाऱ्या वामीचं, इंग्रजीत मोरे ईल म्हणतात त्या सापासारख्या माशाचं, कौतुक त्यानं फोनवर इतकं केलं, की ‘सून कधी का येईना, आधी वाम दाखव’ म्हणत बाई तिथं पोचल्या. बुडी मारायला एकच दिवस हाती होता.

रबरी पोशाख चढवताना त्यांनी फक्त पदर कुठं खोचायचा एवढं विचारलं. खाली गेल्यावर मात्र पाठीवरचं नळकांडं जन्मापासूनचं असावं, अशा रमल्या. योगेशनं कपार दाखवली. आत पिवळसर ठिपक्यांची कातडी हलली. बाईंनी तळाचा दगड उचलला आणि रीतीप्रमाणे खडकावर ठोकला. वाम गडप!

बोटीवर योगेश वैतागला. “आये, ती काय आपल्या हिरीतली दिवड हाय का?”

“कुनाच्याबी दारात जायचं म्हंजी कडी वाजवाया लागती.”

“वाजवलीस. आन् तिनं दार लावून घेतलं.”

एवढ्या लांब येऊन पाहुणीनंच घरधनीण पळवून लावली, हे बाईंना लागलं. त्यांनी चहा नाकारला, तेव्हा योगेशही घाबरला.

दुपारच्या बुडीत त्या हाताची घडी घालून, कपारीपासून चार हात लांब, देवळाच्या रांगेत असल्यासारख्या तरंगत राहिल्या. वेळ सरत चालला. योगेशनं वर चलायची खूण केली. बाईंनी घडी सोडून, म्हशीला थोपवतात तसा त्याला पंजा दाखवला. हवा अजून पुरेशी आहे हे पाहून तो मुकाट थांबला. मग आधी नाक, मग डोळे, मग हातभर ठिपकेदार मान बाहेर आली. तोंडाची उघडझाप करत वाम बाईंकडे बघत राहिली. बाईंनी पापणी लववली नाही.

वर आल्यावर त्यांचे डोळे भरले होते. खारं पाणी गेलं म्हणाल्या.

“लई देखनी हाय रं. पन मला बघून तिचं तोंडच मिटंना. नवल वाटलं आसंल बिचारीला, ही म्हातारी कुठनं आली म्हून.”

वाम श्वासच तसा घेते, हे शास्त्र सांगायला योगेशनं तोंड उघडलं, आणि आईकडं बघून मिटलं.