टॅपेटची फट

आमच्या जुन्या डिझेल गाडीचे टॅपेट यजमान दरवर्षी घरीच सेट करायचे. ते अंकुशनगरला साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते आणि मी जवळच्याच एका गावी प्राथमिक शाळेत शिक्षिका. दोघं रिटायर झाल्यावर आम्ही बदनापूरला घर बांधलं आणि गाडी अंगणात पत्र्याखाली लागली. गाळप संपलं की कारखान्यातली यंत्रं उघडायची, पुसायची, पुन्हा बसवायची, ही त्यांची जन्माची सवय. ती त्यांनी घरी आणली. उन्हाळ्याच्या तोंडाला एखाद्या सकाळी ते बॉनेट उघडायचे आणि घरात आवाज द्यायचे, "अगं, हात रिकामा हाये का? ये जराक."

माझं काम इंजिन फिरवायचं. इंजिनाच्या पुढच्या पुलीच्या नटावर लांब दांड्याचा पाना लावायचा आणि ते म्हणतील तेवढंच फिरवायचं. मधेच एका जागी पाना अडायचा. मी थांबले की ते म्हणायचे, "जोर लाव. डिझेलचं इंजिन हाये, लाडानं फिरत न्हाई."

इंजिनावरचं झाकण काढल्यावर आत ओळीनं छोट्या तरफा दिसतात, चार सिलिंडरच्या प्रत्येकी दोन. तरफ खाली आली की तिच्याखालचा व्हॉल्व्ह उघडतो. तरफ आणि व्हॉल्व्ह यांच्यात जाड कागदाएवढी फट लागते. ती फट पातळ पोलादी पत्ती सरकवून बघतात आणि बरोबर करतात, यालाच टॅपेट सेट करणं म्हणतात. फट वाढली तर इंजिन टकटक वाजतं. कमी झाली तर काही वाजत नाही, पण व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही आणि आतल्या आत जळत जातो. चौथ्या सिलिंडरच्या दोन्ही तरफा एकदम झुलायला लागल्या की पहिल्याची फट बघायची, तिसऱ्याच्या झुलल्या की दुसऱ्याची. बेरीज पाच झाली पाहिजे, एवढं मी लक्षात ठेवलं होतं. पत्ती किती घट्ट हवी हे मात्र कधी विचारलं नाही. ते त्यांच्या बोटांचं काम होतं.

गेल्या वर्षीच्या थंडीत एका सकाळी ते अंगणात तोंड धूत होते. हातातला तांब्या खाली पडल्याचा आवाज आला. मी बाहेर गेले तर ते नळाशी बसलेले, तोंड एका बाजूला गेलेलं, आणि पडलेल्या तांब्याकडे बघत होते. शेजाऱ्यांनी गाडीत घालून जालन्याला दवाखान्यात नेलं. जीव वाचला. उजवा हात आणि पाय गेला आणि बोलणं गेलं. सगळं समजायचं, पण शब्द सापडायचा नाही. एकच शब्द तेवढा राहिला होता, "बरं". पाणी पाहिजे असेल तर बरं, नको असेल तरी बरं. लेक पुण्याहून फोनवर रडायची तेव्हा फोन कानाला लावून तेच म्हणायचे, "बरं, बरं."

मी फळ्यावर मुलांकडून अक्षरं गिरवून घेण्यात आयुष्य काढलेलं. मला वाटलं, यांनाही शिकवीन. रोज सकाळी समोर बसायची. "माझ्या तोंडाकडं बघा. पा. पाणी." ते माझ्या ओठांकडे बघत, घाम येईपर्यंत प्रयत्न करत आणि शेवटी म्हणत, "बरं." मग मान खाली घालत. काही दिवसांनी मी ते शिकवणं बंद केलं. त्यांची मान खाली जाताना मला बघवेना.

व्यायामासाठी त्यांना जालन्याला न्यावं लागायचं. गाडी मी चालवायची. मला त्यांनीच शिकवली होती, कारखान्याच्या मैदानावर, गाळप बंद असताना. एकदा परत येताना रस्त्यातच ते डाव्या हातानं समोरच्या डॅशबोर्डवर मारायला लागले. "बरं! बरं!"

मी घाबरून गाडी कडेला घेतली. "काय व्हून राह्यलं? दुखून राह्यलं का कुठं?"

त्यांनी मान हलवली, बॉनेटकडे बोट केलं आणि डॅशबोर्डवर बोटानं वाजवलं. टक, टक, टक. मी कान दिला. इंजिनातून तसाच आवाज येत होता. मला इतके दिवस तो ऐकूच आला नव्हता.

"टॅपेट?"

त्यांनी डोळे मिटून मान डोलावली. आजारपणानंतर त्यांचं म्हणणं मला पहिल्यांदाच न चुकता कळलं होतं.

गॅरेजवाल्याला मी फोन केला. तो म्हणाला, "मॅडम, या इंजिनाचं काम आता कोण करतंय? इकून टाका." लेकही तेच म्हणाली, "आई, ती गाडी इकून टाक, तुला रिक्षा मिळंल की." यांनी फोनवरचं बोलणं ऐकलं आणि भिंतीकडे तोंड केलं. दुपारी जेवले नाहीत. संध्याकाळी मी म्हटलं, "उद्या सकाळी आपणच करू. मी पाना फिरवते, तुम्ही बघा."

इंजिन थंड पाहिजे म्हणून सकाळी चहाआधीच बसलो. त्यांची खुर्ची पुढच्या चाकाशी लावली, पाठीला उशी दिली. झाकणाचे नट काढायला मला वेळ लागला. झाकण निघालं तेव्हा जुन्या ऑइलचा वास आला आणि त्यांनी वाकून आत बघितलं, एखाद्या घरात डोकवावं तसं.

मी पाना लावून फिरवलं. अडलं तिथे सगळं अंग टाकलं. चौथ्याच्या तरफा झुलल्या. "आता पहिला ना?" ते म्हणाले, "बरं." मी पत्ती सरकवली. सैल होती. तरफेच्या टोकाचा नट ढिला केला, त्यातला स्क्रू फिरवला, नट आवळला आणि पत्तीचं टोक त्यांच्या डाव्या हातात दिलं. त्यांनी ओढली. पत्ती हललीच नाही. "बरं!" ते ओरडले.

"घट्ट झाली?"

नट आवळताना स्क्रूसुद्धा त्याच्याबरोबर फिरत होता. मी पुन्हा केलं, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी त्यांनी माझ्या हातातून स्क्रू ड्रायव्हर ओढून घेतला. पुढे झुकले, डाव्या हातानं तो स्क्रूच्या खाचेत धरायला बघितलं. टोक घसरलं. पुन्हा धरलं, पुन्हा घसरलं. उजवा हात मांडीवर पडलेला होता. त्यांनी डाव्या हातानं उजव्याचं मनगट उचललं आणि गाडीच्या कडेवर ठेवलं. तो हात तिथून सरकून खाली आला, आणि स्क्रू ड्रायव्हर खणकन खाली फरशीवर पडला.

मग ते रडले. दवाखान्यात रडले नव्हते, शब्द म्हणायला शिकतानाही नाही. तोंड वाकडं झाल्यामुळे रडणंसुद्धा त्यांना नीट जमेना. मी काळ्या हातांनी त्यांचं डोकं पोटाशी धरलं. त्यांच्या पांढऱ्या केसांना ऑइल लागलं. कितीतरी वेळ आम्ही तसेच होतो. रस्त्यावरून शाळेची पोरं गेली, कुणी तरी काकू म्हणून हाक मारली, मी वळून बघितलं नाही.

मी म्हटलं, "मला दाखवा. मी धरते, तुम्ही सांगा."

त्यांनी नाक पुसलं. मी स्क्रू ड्रायव्हर उचलून खाचेत धरला, तसं डाव्या हातानं माझं मनगट धरलं आणि हलू न देता दाबून ठेवलं. तेव्हा कळलं, स्क्रू एका हातानं जागच्या जागी धरून ठेवायचा आणि दुसऱ्यानं नट आवळायचा. तसं केलं. पत्ती दिली. त्यांनी ओढली. किंचित अडत, किंचित कुरकुरत ती बाहेर आली. "बरं," ते हळू म्हणाले. मी तीच पत्ती पुन्हा घालून स्वतः ओढून बघितली, ते अडणं बोटांत बसावं म्हणून.

तसे सगळे टॅपेट केले. मी आवळायची, ते ओढून बघायचे. त्यांच्या एका शब्दाचे किती तरी आवाज त्या सकाळी मी ओळखायला शिकले. सैल आहे, घट्ट आहे, पुन्हा कर, चालेल. मधे एकदा मी चहा करून आणला, तो त्यांच्या बशीत निवला तरी त्यांना भान नव्हतं. झाकण बसवून गाडी चालू केली तेव्हा ऊन पार अंगणात आलं होतं. इंजिन सलग, एकसुरी चाललं. त्यांनी पंजा बॉनेटवर ठेवला आणि कुणी झोपलेल्या माणसावर ठेवावा तसा ठेवून दिला.

त्यानंतरचे थोडे महिने आमचे चांगले गेले, असंच मी म्हणते. रोज संध्याकाळी गाडीतून कृषी संशोधन केंद्रापर्यंत एक चक्कर मारायची. झाडाखाली थांबायचं, मी भुईमुगाच्या शेंगा सोलून द्यायची. पोळ्याच्या सुमाराला त्यांना दुसरा झटका आला. जालन्याला पोचायच्या आधीच संपलं. मीच गाडी चालवत होते. मागच्या सीटवरून शेजारीण म्हणाली, "ताई, आता हळू चालवा." तेवढ्यावरून मला कळलं.

सगळे म्हणाले, गाडी काढून टाका. मी काढली नाही. बाजाराला, बँकेत, लेकीला स्टेशनवरून आणायला मीच घेऊन जाते. यंदा उन्हाळ्याच्या तोंडाला पुन्हा टकटक सुरू झाली. कुणाला न सांगता मी सकाळी बॉनेट उघडलं, पाना लावला. जोर लावून फिरवलं. चौथ्याच्या तरफा झुलल्या. पहिल्याची पत्ती घातली, स्क्रू धरून नट आवळला आणि पत्तीचं टोक बाजूला केलं, दुसऱ्या कुणी तरी ओढावं म्हणून. तिथे फरशी होती आणि लिंबाचा वाळलेला पाला.

हात परत घेतला. पत्ती स्वतः ओढली. अडतेय असं वाटलं, सैल आहे असंही वाटलं. शेवटच्या टॅपेटपाशी तर मी नट किती तरी वेळा सोडला आणि आवळला. वारा सुटला होता, आत धूळ जाईल म्हणून शेवटी झाकण बसवून टाकलं.

गाडी चालते. आवाज कमी झालाय. तो शेवटचा टॅपेट मात्र बराबर बसलाय, की घट्ट होऊन नुसता गप बसलाय, हे मला कळत नाही.