शेवटच्या दाराची कडी

दार बाहेरून ओढलं गेलं तेव्हा मी आत बसलेली होते.

लुगडं मांड्यांवर गोळा केलेलं. उजवा हात गळ्यातल्या फडक्यात. डाव्या हातात सुतळी. दाराची कडी कुणीतरी काढून नेली होती, म्हणून मी खिळ्याला सुतळी बांधून दार आतून धरून ठेवत असे. त्या दिवशी सुतळी हिसक्यानं सुटली आणि तळव्याचं कातडं घेऊन गेली. समोर आमच्या खात्याची नायकीण. तिच्यामागं सात-आठ बाया, हातात पाण्याची डबडी.

नायकीण म्हणाली, "बघा गं, झोपलीय की बाळंत होतेय."

बाया हसल्या. सगळ्या हसल्या नाहीत. पण ज्या हसल्या नाहीत त्यांनीही तोंड फिरवलं नाही. मी दार ओढून घ्यायला हात पुढं केला, तर तिनं ते पायानं अडवून धरलं. पाऊण तास झाला म्हणाली. गिरणी काय तुझ्या बापानं संडासला बसायला बांधलीय का, म्हणाली. मी तशीच उठले. काही झालेलं नव्हतं. पाच दिवस झालं नव्हतं, त्याही दिवशी झालं नाही.

असलं लिहू नये म्हणतात. ज्यांच्या दाराला कडी असते ते म्हणतात.

गिरणी धुळ्याची. दुष्काळाच्या आदल्या सालची गोष्ट. मी वाइंडिंग खात्यात होते. लहान बॉबिनीवरचं सूत मोठ्या शंकूसारख्या कोनावर गुंडाळायचं, धागा तुटला की चटकन गाठ मारायची. हे खातं सगळं बायांचं, आणि बायांवर देखरेख करायला एक बाई, ती नायकीण. ती मोठ्या घरातली, गिरणीच्या हेडक्लार्कच्या नात्यातली. तिला गाठ मारता येत नव्हती. येण्याची गरजही नव्हती.

बायांच्या संडासांना चार दारं. पहिली तीन सगळ्यांची, चौथं आमचं. असं कुठं लिहिलेलं नव्हतं, पण आंधळ्यालाही ठाऊक होतं. आमच्या वस्तीनं दीक्षा घेऊन वर्षं झाली होती. कागदावर आम्ही बौद्ध झालो होतो, संडासात अजून होतो तेच होतो. कडी काढली ती चौथ्याच दाराची.

आणि बिल्ला. संडासला जायचं तर नायकिणीच्या टेबलावरचा पितळी बिल्ला घेऊन जायचं, आल्यावर परत ठेवायचा. सगळ्या खात्याला बिल्ला एकच. तो परत येईस्तोवर दुसरीनं जायचं नाही. मी पाऊण तास आत बसले म्हणजे बाकीच्या बाया पाऊण तास पोट आवळून मशीनवर उभ्या. त्यांचा राग खोटा नव्हता. एकच बिल्ला ठेवणाऱ्यावर तो निघायला हवा होता, निघाला माझ्यावर. तेव्हा मलाही हे कळत नव्हतं. मीच त्यांची गुन्हेगार आहे असं वाटायचं.

मी आधी अशी नव्हते. दोन महिन्यांपूर्वी बॉबिनींनी भरलेली लोखंडी गाडी माझ्या हातावर उलटली. गाडीचं एक चाक निखळलेलं होतं, हे आम्ही तीनदा सांगितलं होतं. मनगट चुरलं, दोन बोटं चेपली. गिरणीच्या दवाखान्यात हाड बसवलं ते वाकडंच बसलं. प्लॅस्टर निघालं आणि खरी कळ तेव्हा सुरू झाली. बोटाच्या टोकापासून खांद्यापर्यंत, बसू देईना, उभं राहू देईना. मी डॉक्टरांकडे रजा मागितली. त्यांनी कार्डावर 'कामास योग्य' लिहिलं आणि पांढऱ्या गोळ्यांची पुडी दिली. दिवसातून तीन वेळा. दुखणार नाही म्हणाले.

खरं सांगते, दुखलं नाही. पहिल्या दिवशी गोळी घेतली आणि अर्ध्या तासात हात कुणा दुसऱ्याचा असल्यासारखा लांब गेला. मी डॉक्टरांना मनातल्या मनात हात जोडले. दुसऱ्या दिवसापासून बाकीचं सुरू झालं. जीभ कोरडी पडून टाळ्याला चिकटायची. मशीनवर उभ्या-उभ्या डोळा लागायचा. तुटलेला धागा समोर दिसायचा, पण हात उचलायचं सुचायचं नाही. अंगाला खाज, नाकाला तर सारखी. नाक खाजवून खाजवून लाल झालं. एक बाई म्हणाली, हिला गजकर्ण झालंय, हिच्याजवळ उभं राहू नका. नाहीतरी कोण उभं राहत होतं. आणि पोट. पोट दगड झालं. तीन दिवस, चार दिवस, पाच दिवस. जायची कळ यायची, बसलं की काही नाही. घाम यायचा, डोळ्यापुढं अंधारी यायची आणि बाहेर बिल्ल्यासाठी बाया ओरडायच्या. गोळी सोडावी तर हात कापून टाकावासा वाटे, घ्यावी तर हे. इकडे आड तिकडे विहीर.

घरी सासूनं एरंडेल पाजलं. काही होईना. माझी धाकटी तेव्हा आठ महिन्यांची होती, दिवसभर सासूजवळ असायची. तिलाही चार-चार दिवस होत नसे. सासू विड्याच्या पानाचं देठ तेलात बुडवून तिला लावायची, मग व्हायचं. एकदा देठ हातात घेऊन सासू मला म्हणाली, "माय तशी लेक. दोन्हीस्ना पोटले कुलूप शे." मीही हसले. हसू आलं ते मला आज आठवतं आणि कानशिलात मारून घ्यावंसं वाटतं.

दार ओढलं त्या दिवशी दुपारी मला लेबर ऑफिसरच्या खोलीत बोलावलं. नायकीण तिथं आधीच होती. मी दारात उभी. ऑफिसर माणूस सभ्य होता. त्यानं मला विचारलं, असं का होतं. मी सांगितलं, गोळ्या सुरू झाल्यापासून होतं साहेब. शौचाचं बोलताना जीभ अडखळत होती, एक तर लाज आणि दुसरं ती कोरडी पडलेली. त्यानं डॉक्टरांना बोलावून घेतलं. डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

"औषधानं असं काही होत नाही," ते म्हणाले. "या लोकांना काम नको असतं. कामचुकारपणावर माझ्याकडं गोळी नाही."

ऑफिसर हसला. नायकीण हसली. मला ताकीद मिळाली, पुन्हा असं झालं तर कामावरून कमी. मी खाली मान घालून आले आणि सर्वांत वाईट हे की, मी डॉक्टरांवर विश्वास ठेवला. शिकलेला माणूस म्हणतोय औषधानं होत नाही, म्हणजे माझ्याच अंगात खोट असेल. मशीनवर उभी राहून मी स्वतःला शिव्या देत होते.

आठवड्यानं पुडी संपली. दुसरी घ्यायला दवाखान्याच्या खिडकीवर गेले. खिडकीत कंपाउंडर. म्हातारा माणूस, सगळे त्याला नाना म्हणायचे. गोळ्या मोजता मोजता त्यानं माझ्याकडं पाहिलं. नाकाकडं पाहिलं असावं. त्यानं हळूच विचारलं, पोट साफ होतं का. मला रडू फुटलं. एवढ्या दिवसांत मला कुणी ते शिवीशिवाय विचारलं नव्हतं.

"पोट बांधाई जास, बाई," नाना म्हणाला. "अफूनी जात शे हाई गोळीनी. तुले कोणी सांगं नही का?"

मी म्हटलं, डॉक्टर तर म्हणाले असं होत नाही.

नानानं मागं वळून पाहिलं. मग पुडी माझ्या हातात कोंबत म्हणाला, "त्यास्ले बठ्ठं माहीत शे." सगळं ठाऊक होतं त्यांना.

गिरणीपासून वस्ती अर्ध्या तासाची वाट. पांझरेच्या पुलावर मी थांबले. अफू. तो शब्द मला परका नव्हता. आमच्या घरात देवळीत, पोलक्याच्या चिंधीत गुंडाळलेला, तो रोज होता.

बाळागोळी. गिरणीत जाणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा. सकाळी भोंग्याच्या आधी मोहरीएवढी अफू दुधाच्या थेंबात कालवून पोराच्या जिभेवर ठेवायची. पोर दिवसभर निजतं. म्हाताऱ्या सासूला त्रास नाही, शेजाऱ्यांना त्रास नाही. माझ्या सासूनं तिची पोरं तशीच वाढवली, मी माझी. त्यात काही वाईट आहे असं कधी मनात आलं नव्हतं.

घरी पोचले. पोरगी झोळीत निजलेली. ओठ सुकलेले. झोपेतच तिनं मूठ उचलली आणि नाक चोळलं. पुन्हा चोळलं. नाकाचा शेंडा लाल होता.

मी झोळीजवळ खाली बसले. माझा हातही तेव्हा माझ्या नाकावरच होता.

मी तिला का देत होते? तिनं रडू नये म्हणून. तिला भूक लागली, ओलं झालं, आई हवी झाली, तरी तिनं बोंब मारू नये आणि मला भोंग्याला हजर राहता यावं म्हणून. तिचं दुखणं बरं करायला मी कधी दिली नव्हती. आणि डॉक्टर मला का देत होते? हात वाकडा बसलाय तो तसाच राहणार होता. गाडीचं चाक अजून निखळलेलंच होतं. जखम मांडीला आणि मलम शेंडीला. फक्त मी रडू नये, एवढंच बघितलेलं. आणि गोळीनं पोट बांधलं तर पुन्हा मीच कामचुकार. मला भयंकर राग आला. गिरणीचा आला, डॉक्टरांचा आला आणि माझा स्वतःचा सगळ्यांत जास्त आला. माझ्या लेकीशी मी गिरणीसारखी वागले होते.

देवळीतली चिंधी मी चुलीत टाकली. सासूनं कपाळावर हात मारला. "मना बठ्ठा पोरे हाई गोळीवरच वाढनात," ती म्हणाली. मी म्हटलं, वाढले, मोठे झाले आणि भोंग्याला गेले.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेले आणि पुडी डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली. कार्ड शेजारी ठेवलं. म्हटलं, हात चालत नाही असं लिहा.

ते म्हणाले, "गोळी सोडलीस तर चार दिवसांत रांगत येशील."

मी म्हणाले, "रांगायला मी तान्हं लेकरू नाही, डॉक्टर. रडू नये म्हणून गोळी लेकराला देतात."

त्यांना ते समजलं की नाही, ठाऊक नाही. त्यांनी कार्डावर पुन्हा 'कामास योग्य' लिहिलं आणि पुढच्या माणसाला हाक मारली. मी रांगत गेले नाही, पण रांगायची पाळी आली होती हे खरं. चार दिवस जांभया, डोळ्यांतून पाणी, भर उन्हात थंडी. आणि पोट उलटं सुटलं. आधी बसून राहते म्हणून बोलणी, आता सारखी जाते म्हणून बोलणी. हात तर नुसता पेटलेला. घरात पोरगी किंचाळत होती, तिचीही तीच गत. सासू दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. नवरा ट्रकवर हमाल, आग्रा रोडनं आला आणि म्हणाला, तिला जराशी दे ना, बघवत नाही. मी दिली नाही. ती आणि मी एकमेकींना धरून बसायचो. मी तिला थोपटत होते, पण उगी म्हणत नव्हते.

पाचव्या दिवशी बाजारातून लोखंडाची कडी आणली. जेवणाच्या सुट्टीत चौथ्या दारापाशी गेले. डाव्या हातानं ठोकायचं, खिळा कोण धरणार? माझ्या शेजारच्या मशीनवर जैबुनबी होती, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी. दार ओढलं त्या दिवशी न हसलेल्यांपैकी आणि तोंड न फिरवलेल्यांपैकी एक. ती मागून आली, खाली बसली.

"खिळा मी धरस," ती म्हणाली. "तू ठोक."

दोनदा हातोडी तिच्या बोटावर बसली. तिनं हात काढला नाही.

नायकिणीनं दुसऱ्या दिवशी कडी उपटून टाकली. मी पुन्हा लावली. पुन्हा उपटली. तिसऱ्या वेळी ती दाराशी उभीच राहिली आणि म्हणाली, कामावरून काढीन. मी म्हटलं, मला काढा, कडी नाही निघायची. खात्यातल्या बाया बघत होत्या. कुणी हसलं नाही. त्या दिवशी बिल्ला टेबलावरच पडून राहिला आणि जैबुनबी तो न घेता संडासला गेली. तिच्या मागून आणखी दोघी गेल्या. जैबुनबी आत गेली ती चौथ्या दारातून.

सहा महिन्यांनी मला काढलं. कारण लिहिलं, काम संथ. कडी राहिली असं जैबुनबी सांगते.

आता आठ वर्षं झाली. हात दुखतो. थंडीत जास्त दुखतो. मी भाजी विकते, तागडी डाव्या हातानं धरते. फार दुखलं तर तागडी खाली ठेवते आणि दुखतंय म्हणते, मोठ्यानं, गिऱ्हाइकाच्या तोंडावर. लोकांना आवडत नाही.

पोरगी आठ वर्षं पुरी होऊन नवव्यात आहे. शाळेतल्या बाई तक्रार करतात की फार बोलते, फार ओरडते, पटलं नाही की उभी राहते. सासूही म्हणते, हिला आवर. मी तिला आजवर एकदाही गप्प बस म्हटलेलं नाही. म्हणणारही नाही.