मोरेश्वर खवसेला मोबाइल कशाला लागतो

मोरेश्वर खवसेचं मत असं, की पायात चांगली चप्पल नसली तरी चालेल, खिशात चांगल्या कॅमेऱ्याचा मोबाइल पाहिजे. कारणं विचारायचीच खोटी, तो बोटांवर मोजून दाखवतो. गोळ्यांच्या पाकिटावरची मुंगीएवढी अक्षरं फोटो काढून मोठी करता येतात. बोरगावच्या साळ्याच्या बागेत संत्र्याच्या पानावर डाग पडला, तर फोटो पाठवून औषधाचं नाव घरबसल्या कळतं. आधार कार्ड घरी राहिलं तरी खिशात असतं. नागपूरची नात रांगायला लागली, ती बसचं तिकीट न काढता दिसली. पांढुर्ण्यात त्याच्या गल्लीतल्या चार म्हाताऱ्यांनी तरी त्याचं ऐकून मोबाइल घेतले. कारणं सगळी खरी होती. फक्त त्यातलं एकही मोरेश्वरचं स्वतःचं नव्हतं.

त्याचं कारण दिसायचं ते घरातून निघताना. उर्मिला साडी नेसून, पिशवी घेऊन दारात उभी असायची आणि हा माणूस घरभर फिरायचा. गॅसचं बटण बंद, फोटो. पाण्याच्या मोटरचं बटण बंद, फोटो. कुलूप दोनदा ओढून, फोटो. प्रत्येक फोटोत त्याचा डावा हात त्या वस्तूवर ठेवलेला असायचा. हात दिसला नाही, तर बंद कोणी केलं हे कसं कळणार? बसमध्ये बसल्यावर तो ते फोटो पुन्हा काढून पाहायचा, मग कुठे त्याच्या जिवात जीव यायचा. नोकरी संपली की ही सवय सुटेल, असं त्याला वाटलं होतं. सुटली नाहीच, उलट वाढली. लग्नाच्या बायकोचा एक धड फोटो यायच्याजवळ नाही, पण गॅसच्या बटणाचे हजारो आहेत, असं उर्मिला शेजारणींना सांगायची. शेजारणी हसायच्या, तोही हसायचा. खोदून मात्र तिनं कधी विचारलं नाही. त्यात तिचं शहाणपण किती आणि भीती किती, ते तिचं तिलाच ठाऊक.

मोरेश्वरची नोकरी होती विजेच्या खात्यात, सौसर तालुक्यातल्या एका लहानशा उपकेंद्रात. काम सोपं. भिंतीवर ओळीनं हँडलं, एकेका हँडलावर दोन-चार गावांची लाइन. लाइनमनचा टेलिफोन आला की त्या लायनीचं हँडल खाली ओढून वीज बंद करायची, रजिस्टरात वेळ लिहायची. दुसरा टेलिफोन आला की वर. रोज दहा वेळा तेच. कायदा असा, की आधी हँडल ओढावं आणि मग लिहावं. मोरेश्वर आधी लिहायचा. पेन हातात असायचा, रजिस्टर पुढ्यात असायचं, हँडल चार पावलांवर. कोण बघतं?

एका वैशाखात, वीस वर्षांपूर्वी, लाइनमन नत्थूजीचा टेलिफोन आला. ‘खवसे, मोहगाव बंद कर बाबा, चढून राहिलो.’ मोरेश्वरनं लिहिलं, अकरा चाळीस, मोहगाव लाइन बंद. तेवढ्यात चहावाला आला. पंधराएक मिनिटांनी पुन्हा टेलिफोन वाजला, आणि पलीकडचं माणूस नुसतं ओरडत होतं. नत्थूजी खांबावर चिकटला होता. मोरेश्वर धावला आणि भिंतीवर होती तेवढी सगळी हँडलं त्यानं खाली ओढली. मोहगावचंही ओढलं. ते आधीच खाली होतं की त्यानं आत्ता खाली केलं, हे त्याला त्या संध्याकाळीसुद्धा सांगता आलं नसतं.

साहेब लोक आले तेव्हा सगळं बंद होतं आणि रजिस्टर चोख होतं. त्या खांबावर दोन लायनी होत्या, खाली मोहगावची आणि वर दुसरी, ती अपघाताच्या वेळी चालूच होती. नत्थूजी गरजेपेक्षा वर चढला आणि वरच्या तारेला लागला, असं ठरलं. साहेबांनी विचारलं, प्यायचा का? मोरेश्वर म्हणाला, कधीमधी. ते खोटं नव्हतं. पोळ्याला, लग्नाकार्यात नत्थूजी घ्यायचा, निम्मा गाव घेतो तसा. कागदावर मात्र ‘नशेत’ असं आलं, आणि गावाला तेवढं पुरलं. तिसऱ्या दिवशी मोरेश्वर सावरगावला नत्थूजीच्या घरी गेला. नत्थूजीची बायको देवकाबाई तीन वर्षांच्या वैभवला मांडीवर घेऊन भिंतीला टेकून बसली होती. तिच्यासमोर त्यानं सांगितलं, ‘वहिनी, म्या माह्या हातानं बंद केलं होतं.’

तेव्हापासून ते हँडल त्याच्यामागे लागलं. जेवताना, दाढी करताना, देवळात डोळे मिटल्यावर ते त्याला दिसायचं. कधी वर दिसायचं, कधी खाली. दोन्ही सारखंच खरं वाटायचं. नत्थूजीचा आवाज त्याला अक्षर न् अक्षर आठवायचा, त्यामागे ओरडणारं कोंबडंही आठवायचं, पण स्वतःच्या हातानं काय केलं ते आठवायचं नाही. कॅमेऱ्याचे मोबाइल आले तसा खात्यात पहिला मोबाइल मोरेश्वरनं घेतला. मग तो प्रत्येक हँडल ओढून त्याच्यावर हात ठेवून फोटो काढू लागला. त्याच्या पाळीत पुन्हा कधी कोणाला ओरखडाही आला नाही. पण ज्या दिवसाचा फोटो त्याला हवा होता, तो दिवस मोबाइलच्या आधीच होऊन गेला होता.

यंदा श्रावणात देवकाबाई जांब नदीचा पूल ओलांडून त्याच्या घरी आली. वैभवचं लग्न ठरलं होतं. मांडवात बापाचा मोठा फोटो लावायचा म्हणून पोरगा हटून बसला होता, आणि घरात नत्थूजीचा फोटो होता तो एकच, नोकरीच्या ओळखपत्रावरचा, नखाएवढा. कोणीतरी तिला सांगितलं होतं, की खवसे भाऊजींचा मोबाइल बारकं मोठं करतो. मोरेश्वरनं ओळखपत्र खिडकीतल्या उजेडात ठेवून फोटो काढला. चांगला आला. नत्थूजीच्या मिशा, डावीकडे पडलेला भांग, सगळं स्पष्ट. वीस वर्षांनी तो चेहरा मोरेश्वरच्या हाताच्या तळव्यावर आला. त्यानं मोबाइल घाईघाईनं देवकाबाईच्या हातात दिला.

तिनं नवऱ्याला पुष्कळ वेळ पाहिलं. मग परत देताना काचेवर बोट फिरलं आणि फोटो सरकला. मागे गॅसचं बटण निघालं, त्यावर हात. मग कुलूप आणि हात. मोटर आणि हात. ती सरकवत गेली. गॅस, कुलूप, मोटर, गॅस, कुलूप, मोटर.

‘हे का होय, भाऊजी?’

मोरेश्वर औषधाच्या पाकिटांबद्दल, आधार कार्डाबद्दल बोलू लागला. ती ऐकत नव्हती.

‘हात काहून ठेवता?’

‘बंद केलं का नाई, ध्यानात नाई राहत, वहिनी.’

‘कधीपासून करून राहिले?’

त्याला कालपासून म्हणता आलं असतं, म्हातारपण म्हणता आलं असतं. उर्मिला स्वयंपाकघराच्या दारात चहाचा कप घेऊन उभी होती. तिनंही त्याच्याकडे पाहिलं. आणि वीस वर्षं जे साहेबांना, बायकोला, देवाला सांगितलं नव्हतं, ते तो बोलला.

‘मले मालूम नाई, वहिनी. त्या दिवशी म्या लाइन बंद केली का नाई, मले खरंच मालूम नाई.’

देवकाबाई रडली नाही आणि तिनं शिव्याही दिल्या नाहीत. मोरेश्वरची दोन्हीची तयारी होती. तिनं खिडकीतलं ओळखपत्र उचललं.

‘वीस वर्ष झाले, पितरात त्यायचं पान नाई वाढलं म्या. लेकरू टाकून पिऊन चढले, म्हनून. वैभवलेबी वाढू नाई देल्लं.’ ओळखपत्र पदराला बांधून ती उठली. ‘तुमच्या भरवशावर उपाशी ठेवलं त्यायले.’

पुढचे दिवस मोरेश्वरनं कसे काढले ते विचारू नये. आता पोलीस येतील, वैभव येईल, गावात बोभाटा होईल, असं त्याला वाटत राहिलं. तसं झालं असतं तर बरं, असंही वाटलं. कोणी आलं नाही. पितृपक्ष लागला आणि चौथ्या दिवशी वैभवचा निरोप आला, आईनं जेवायला बोलावलंय, पितर म्हणून. आपल्याकडे गेलेल्याच्या नावानं एका माणसाला पाटावर बसवतात, त्याचे पाय धुतात, टिळा लावतात, आणि ताट संपेपर्यंत तो माणूस म्हणजेच तो गेलेला. उर्मिला म्हणाली, नका जाऊ. तो गेला.

वैभवनं त्याचे पाय धुतले. वाकलेल्या पोराचा भांग डावीकडे पडत होता. मोरेश्वरला पाय ओढून घ्यावेसे वाटले, पण पितर पाय ओढत नाही. देवकाबाईनं पान वाढलं. उडदाचे वडे, कढी, खीर, गवारीची भाजी. वीस वर्षांचं राहिलेलं एकदम वाढावं तसं ती वाढत गेली. समोर बसून तिनं पदर डोक्यावर घेतला.

‘जेवा पोटभर,’ ती म्हणाली. ‘माह्या मनात आता राग नाई.’

मोरेश्वरचा हात पानावरच थांबला. डोळे भरून आले आणि त्यानं मान वर करून तिच्याकडे पाहिलं. ती त्याच्याकडेच बघत होती, पण तिची नजर त्याच्यावर नव्हती.

‘तुमाले नाई म्हनत, भाऊजी,’ ती म्हणाली. ‘त्यायले म्हनून राहिली. तुमी जेवा.’

आणि मोरेश्वर जेवू लागला.