दादाच्या हप्त्याचा मेसेज

मंडळी, आज दुपारी एडवणला माहेरी होते. आता बोईसरला घरी येऊन हे लिहितेय.

माझा दादा ओमानला नोकरीला गेला, तरी इथली सरकारी पेन्शन योजना त्याने चालू ठेवली. म्हातारपणी गावातच राहायचं म्हणून. हप्ता भरल्याचा मेसेज त्याच्या जुन्या, इथल्या नंबरवर येतो. तो फोन आईने देवाच्या फळीवर ठेवलाय, कायम चार्जिंगला.

दिवाळीपासून दादाचा तिकडचा नंबर बंद आहे. कंपनीवाले सांगतात, तो काम सोडून गेला. कुठे, ते कोणालाच माहीत नाही.

आज आम्ही जेवत असताना तो फोन वाजला. हप्ता जमा. आईने घास ताटात ठेवला आणि फोनकडे बघून म्हणाली, "हां बाला, आमी जेवलो. तू जेवलास ना?"

मग माझ्याकडे वळली. "बघ, पैसे भरले त्याने. तू उगाच रडतेस. पोरगा बरा हाय माजा."

हप्ता बँकेतून आपोआप कापला जातो. खात्यात शिल्लक आहे तोवर कापला जाणार, दादा असो वा नसो.

तुम्ही सांगितलं असतं का तिला?

मी नाही सांगितलं. उलट निघताना त्या फोनचा चार्जर नीट लागलाय ना, ते दोनदा बघून आले.